वरचे दात आनि रुसलेला मामा

ती. दादाला,

निकीचा वाकून नमस्कार पोचावा. धनश्री वहिनीला पन सांग, आनि सांगताना जरा हसून सांग, न्हाईतर तिला वाटतं मी वरवर लिहिलंय. इकडं आमी सगळे बरे हाये. दिशा बरी, हे बरे, आत्या (म्हंजे माझी सासू, वहिनीला दर वेळी वाटतं मी कुन्या दुसऱ्याच आत्याचं बोलते) त्या पन बऱ्या, फक्त त्यांच्या बोटाला फडकं बांधलंय. ते कशापायी बांधलं ते पुढं येईल. पार्थ लई बरा. इतका बरा की त्याच्यामुळं माझा जीव ठिकानावर न्हाई.

तुझी तब्येत कशी हाय? नुसतं बरा हाय म्हनू नको, नीट सांग. जेवन जातं का. ठेचा खाल्ला की तोंड पोळतं का. जांभई आली की तोंड सगळं उघडतं, का अर्ध्यातच अडकतं. (असं कोनी पत्रात इचारतं का, म्हनशील. मी इचारते. आई असती तर तिनं तुझे गुडघे इचारले असते, मी तोंड इचारते. ज्याचं त्याचं.)

तर तू रागावलाय. मला ठाऊक हाय. बन्सीभाऊ कांद्याचा टेम्पो घिऊन कोपरगावला आल्ते, तवा तू त्यांना चहा पाजला, गावातल्या सगळ्यांची खुशाली इचारली, आमच्या शेळीची सुदिक इचारली, आनि माझं नाव घेतलं न्हाई. बन्सीभाऊनी येऊन मला तसंच्या तसं सांगितलं. (त्यांच्या पोटात काय ऱ्हात न्हाई, पन मानूस चांगला हाय. हे पत्र त्यांच्याच हाती देते, पाकीट भातानं डकवून आनि वरनं टाचनी मारून.) तू म्हन्ला म्हनं, ज्या बहिनीला जावळाला मामा नको तिच्या दारात मी पाय ठेवनार न्हाई. अरे दादा, जावळाला लेकरू मामाच्या मांडीवर बसवायचं असतं हे मला आता तू शिकवनार का? दिशाचं जावळ तुझ्याच मांडीवर झालं, आनि तुझ्या नव्या कोऱ्या पँटीवर तिनं काय केलं ते पन मला आठवतं. तरी मी तुला फोनवर म्हन्ले, येऊ नको. एकदा म्हन्ले रस्ता खोदलाय. एकदा म्हन्ले गावात डोळ्याची साथ आलीया. मग म्हन्ले पार्थला सर्दी हाय, जावळ लांबवलंय. आनि बन्सीभाऊनी तुला सांगितलं की रस्ता दिवाळीतच नवा झाला, डोळे कोनाचेच आलेले न्हाईत, आनि पोरगं टेम्पोच्या टायरला धरून उभं ऱ्हातंय. मग तू रागावनार न्हाई तर काय करनार. मी असते तर मी पन रागावले असते. वर दोन शिव्या दिल्या असत्या.

आता खरं कारन सांगते. बसून वाच. पार्थला दात आले. आनि आधी वरचे आले.

तुला भागिरथी आज्जी आठवती का, आपल्या घराच्या मागं ऱ्हायची ती? मी लहान हुते तवा ती ओट्यावर बसून सांगायची, ज्या लेकराला वरचे दात आधी येत्यात ते मामाला जड जातं. खालचे दात येईपर्यंत मामानं त्याचं तोंड बगायचं न्हाई, बगायचंच असंल तर आधी तेलाच्या वाटीत बगायचं. तुला हे ठाऊक नसंल, कारन तू तवा पोरांबरूबर नदीवर असायचा आनि ह्या गोष्टी बायांच्याच कानात पडत्यात. मी शिकले सातवीपर्यंत, त्यातलं आता मला काय बी आठवत न्हाई, पन आज्जीचं ते बोलनं दगडावर कोरल्यावानी डोक्यात बसलंय. आनि मला मामा म्हनून एकच हाय. म्हंजे पार्थला. दुसरा असता तर मी येवढी भ्याले नसते. (हे असं लिहायला नको हुतं, पन लिहिलं गेलं. खोडलं की दिशा ओरडते, वही तिची हाय.) आई गेल्यापासून माहेर म्हंजे तू एकटा. तुला काय झालं तर मी सनाला कुठं जाऊ, शुगर फॅक्टरीच्या गेटावर?

मला कळलं कसं, तर पार्थनं दूध पिताना चावलं. मला वाटलं खालचा आला. बोट फिरवलं तर खाली सगळं मऊ, आनि वरती दोन टोकं, तांदळाच्या कनीवानी. तवापासून रोज सकाळी त्याच्या खालच्या हिरडीवर बोट फिरवते, वाफ्यात कांद्याचं रोप उगवलं का बगत्यात तसं. काय बी न्हाई. वरचे मात्र जोरात. मी कोनालाच सांगितलं न्हाई. ह्यांना न्हाई, आत्यांना तर न्हाईच. पार्थच्या गळ्यात लाळेरं बांधलं आनि कोनी आलं की ते वर तोंडावर ओढते. सर्दी हाय म्हन्ते. उन्हाळ्यात इतकी सर्दी बगून चांगुनाबाई (शाळेत खिचडी करत्यात त्या, आमच्या शेजारच्या) म्हनल्या, अगं ह्याला तालुक्याच्या डॉक्टरला दाखव, ह्या सर्दीला कायतरी मोठं नाव असंल.

एकट्या दिशाला ठाऊक हुतं, कारन मी पार्थच्या तोंडात बगितलं तवा बॅटरी तिनं धरली हुती. तिला मी शप्पथ घातली.

आनि तू व्हिडिओ कॉल करतो! तोच तर घोळ. आता फोनमधनं बगितलं तर ते बगनं धरायचं का न्हाई, हे कोनाला इचारायचं? भागिरथी आज्जीच्या काळात फोन नव्हता. फोनला काच असती म्हंजे ती आरशावानी, मग चालत असंल. पन तेलात उलटं दिसतं आनि फोनमधे सुलटं दिसतं, मग चालत नसंल. मी इचार करून करून दमले आनि शेवटी कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला. तुला सगळं काळं दिसलं. तू वरडला, काय गं निके, दिसंना काय, आनि फोन पार तोंडाजवळ आनला, जसं काय जवळ घेतल्यावर तुला अंगठ्यातनं दिसनार हाय. दुसऱ्या वेळेला तसंच. मग तू म्हन्ला तुमचा फोन खराब हाय, दाजीला सांगतो. फोन खराब न्हाई. म्हंजे हाय, पन तो येगळा खराब हाय. त्याचा कानाला लावायचा आवाज गेलाय, स्पीकरवरच बोलावं लागतं, आनि स्पीकरवर बोललं की आत्या ऐकत्यात, दिशा ऐकती, चांगुनाबाई भिंतीपलीकडनं ऐकत्यात आनि मधनंच हुंकार देत्यात. म्हनून हे पत्र. आजकाल पत्र कोन लिहितं, पन मला दुसरा उपाय दिसंना.

आता मेन गोष्ट. गेल्या शनिवारी शाळेत गेल्ते. शनिवारी पोरं दप्तर नेत न्हाईत आनि दिशाच्या मॅडम आयांना पन बोलवत्यात, या, वर्गात बसा म्हन्त्यात. सुकन्या मॅडम नाव त्यांचं. बारीक हायेत, पन आवाज बारीक न्हाई. मी कधी जात न्हाई, मला शाळेत शिरलं की अजून वाटतं आपला पाढा चुकनार. पन त्यांनी दिशाबरूबर खास निरोप धाडला, आईला घेऊनच ये. मी इचारलं काय केलंस गं? तर काय न्हाई म्हन्ती. आनि तिचं काय न्हाई म्हंजे कायतरी हायच.

गेले. पार्थ कडेवर, लाळेरं नाकापर्यंत. मागं सतरंजीवर चांगुनाबाई आनि आजून चार बाया बसल्या हुत्या. तर झालं हुतं असं. दिशाच्या वर्गात ओम म्हनून पोरगा हाय, गरीब, त्याचे पुढचे दात काळे पडल्यात. दिशा त्याला भर वर्गात म्हन्ली, तुझ्या तोंडात किडे हायेत, लांब बस. सगळी पोरं हसली. तवापासून तो पोरगा तोंडावर हात ठेवून बोलतो. खिचडी खाताना पन एका हातानं तोंड झाकतो आनि दुसऱ्यानं खातो. माझी पोरगी! माझी मान अशी खाली गेली की पार्थचं टाळकं माझ्या हनुवटीला लागलं.

मला वाटलं मॅडम आता दिशाला उभी करून झापनार. त्यांनी तिचं नाव सुदिक घेतलं न्हाई. त्या खडू घिऊन फळ्यावर वाकड्या तिकड्या रेघा वळवायला लागल्या आनि म्हनल्या, हे जंतू. ओमच्या तोंडात आहेत, दिशाच्या तोंडात आहेत, माझ्याही तोंडात आहेत. सगळ्या बायांनी एकदम तोंडं मिटली. चांगुनाबाईंनी तर पदरच लावला. मॅडम म्हनल्या, हे डोळ्यानं दिसत नाहीत, सुईच्या टोकावर त्यांचं गाव वसेल. सगळेच वाईट नसतात, दह्यातले चांगले असतात. पण आपण गोड खाऊन तोंड धुतलं नाही की दाताला चिकटलेली साखर ते खातात आणि आम्ल सोडतात, त्या आम्लानं दाताला खड्डा पडतो. म्हंजे दादा, मला जे कळलं ते असं, की ते आपल्याच तोंडात ऱ्हात्यात, आपलंच खात्यात आनि तिथंच हागत्यात. (मॅडम आम्ल म्हनल्या. त्या शिकल्याल्या हायेत.) आनि म्हनल्या, ते एका तोंडातनं दुसऱ्या तोंडात जातात, उष्ट्या चमच्यानं, चावून भरवलेल्या घासानं. हे ऐकलं आनि मी पार्थला जवळ ओढला, कारन आमच्या घरी घास कोन चावून भरवतं ते मला ठाऊक हुतं.

मग त्या म्हनल्या, आता दुसरी गोष्ट ऐका, ही जास्त महत्त्वाची. जंतू अंधारात वाढतात. तोंड झाकलं की दुखणं आतच राहतं. आणि माणूस तोंड का झाकतो? कोणीतरी हसतं म्हणून. तुम्ही हसलात की ओम तोंड उघडणार नाही, तोंड उघडलं नाही तर डॉक्टरांना दात दिसणार नाही, आणि मग तो दात किड्यांनी नाही, तुमच्या हसण्यानं जाईल. म्हणून ह्या वर्गात कोणी बोलत असेल तर हात वर करायचा, एका वेळी एकानेच बोलायचं, आणि कोणाच्याही तोंडाला हसायचं नाही. ओमनं तोंडावरचा हात हळूच काढला. मला तर रडूच आलं, मी पार्थच्या लाळेऱ्यानं डोळे पुसले.

पुसले, आनि लाळेरं खाली ऱ्हायलं.

तेवढ्यात मॅडमनी इचारलं, आता कोणाला काही सांगायचंय का? आनि आमच्या दिशाबाईंनी हात वर केला. इतका वर की बाकावरनं उठली. म्हन्ली, मॅडम, आमच्या बाळाला वरचे दात आधी आलेत, पन मम्मी म्हन्ती कोनाला सांगायचं न्हाई, न्हाईतर मामा मरंल.

दादा, मला त्या सतरंजीखाली जाता आलं असतं तर मी गेले असते. बाया एकदम अगं बाई म्हनल्या. एकजन म्हन्ली, मामा हाय का न्हाई हिला? चांगुनाबाई म्हनल्या, हाय की, कोपरगावला, एकुलता एक! आनि माझ्याकडं अशा बगाया लागल्या जशी मी तुझ्या मयताहून आले. मागची दोन पोरं खिदळली. मॅडमनी नुसता हात वर केला, तोंडातनं शब्द न्हाई, आनि ती पोरं गप. मग माझ्याकडं वळून म्हनल्या, निकिताताई, बाळाचं तोंड उघडं राहू द्या. दात हिरडीत आधीपासूनच असतात, जमिनीतल्या बियांसारखे, कुठली आधी उगवते कुठली मागून. मामाचा त्याच्याशी काही संबंध नाही. मी म्हन्ले व्हय मॅडम. मान हलवली. पन तुला खरं सांगू? मान हलली, पोटातली भीती हलली न्हाई. मॅडमचं बोलनं खरं असंल, पन मॅडमचा दादा तू न्हाईस ना.

शेवटाला त्यांनी तोंडांची चित्रं टांगली, चार हुती. एक चांगल्या तोंडाचं, एक किडक्या दाताचं, एक सुजल्याल्या हिरडीचं. चौथं नंतर सांगते.

घरी आले ती अशी भ्याले की काय इचारू नको. वाट्या उकळल्या, चमचे उकळले, पार्थचा खुळखुळा उकळला तर त्याचा वाकडा मुटका झाला. शेळीचं करडू पार्थचा गाल चाटतं म्हनून त्याचं तोंड मिठाच्या पान्यानं पुसलं, ते दोन तास शिंकत हुतं. ह्यांनी बाहेरनं येऊन माठातला तांब्या तोंडाला लावला तर मी असं वरडले की ते अंगनात पळाले, त्यांना वाटलं साप. आनि दिशा तर पुरी मॅडम झाली. पालथ्या घमेल्यावर बसती. घरात बोलायचं तर हात वर. कोन मधेच बोललं की ती फळ्याकडं बगितल्यावानी भिंतीकडं बगती आनि म्हन्ती, वर्गात कोन बोलतंय.

संध्याकाळी आत्या पार्थला जेवू घालाया बसल्या. भाकर घेतली, तोंडात टाकली, चावली, बोटावर काढली. मी म्हन्ले, आत्या, नका चावून देऊ, जंतू जात्यात. झालं. त्या म्हनल्या, माझ्या तोंडात किडे हायेत म्हन्ती का? तुझ्या नवऱ्याला असंच चावून चारून येवढा केला, तवा कुठं गेल्ते तुझे जंतू? मी म्हन्ले माझे न्हाईत, मॅडमचे हायेत. त्या म्हनल्या मग मॅडमच्या घरी धाड. आमी दोघी एकदम बोलाया लागलो, कोनाचं कोनाला कळंना. दिशा घमेल्यावरनं म्हन्ली, आज्जी, हात वर. एका वेळी एकच. आनि दादा, काय सांगू, आत्यांनी खरंच हात वर केला. आमच्या आत्या म्हंजे येवढ्या तिखट बायडाबाई, त्यांच्यापुढं सरपंच हळू बोलतो, त्यांनी पोरीपुढं हात वर केला! आनि एक हात वर, ध्यान दिशाकडं, अशा अवस्थेत दुसऱ्या हातानं त्यांनी घास पार्थच्या तोंडात घातला. बोटासगट.

पार्थनं चावलं. वरच्या दातांनी, बोट पार जिभेवर दाबून धरून.

आत्या वरडल्या, पन वर केलेला हात तसाच वर. मग बोट सोडवून घेतलं, बगितलं, वर दोन टिपकं उमटल्याले, रगत आल्यालं. त्यांनी पार्थचा ओठ उचलला. मग माझ्याकडं बगितलं. कधीपासनं, म्हनल्या. मी रडाया लागले. म्हन्ले, दादाला काय झालं तर मी काय करू, म्हनून लपवलं, म्हनून त्याला येऊ नको म्हन्ले, आनि आता तो मेला न्हाई पन बोलत पन न्हाई.

मग आत्यांनी परत हात वर केला. दिशा म्हन्ली, बोला आज्जी.

आनि त्या म्हनल्या, तुझ्या नवऱ्याचे बी वरचेच आल्ते आधी. मी पन अशीच भ्याले. वर्षभर कोल्हारला माहेरी गेले न्हाई, येऊ नको म्हनून सांगाया धाडलं. माझा भाऊ रखमाजी ऐकतो का! पेरूची पाटी डोक्यावर घिऊन सोताच आला, पोराला खांद्यावर घेतलं, आनि पोरानं त्याचा कान चावला. कानाला अजून दाताचा वन हाय. आनि मानूस अजून हाय, बाजाराच्या दिवशी मिशीला पीळ देत फिरतो. मला इतकं बरं वाटलं दादा, की मी आत्यांच्या बोटाला हळद लावली आनि फडकं बांधलं. फडकं बांधता बांधता मला आपलं आठवलं, की रखमाजीमामांच्या तोंडात तर एक पन दात न्हाई, लग्नात त्यांनी जिलबी चहात बुडवून खाल्ली हुती. मी इचारलं, आत्या, मग त्यांचे दात कुठं गेले? त्या म्हनल्या, ते त्याच्या तंबाखूच्या चंचीनं खाल्ले, तुझ्या नवऱ्यानं न्हाई.

परत माझा जीव उडाला. कशानं ते आता सांगत न्हाई.

आता आत्या घास चावत न्हाईत. पळीनं कुस्करत्यात, आनि प्रत्येक घासाला मॅडमच्या नावानं कायतरी पुटपुटत्यात. पन परवा मी बगितलं, मोरीत कोनी न्हाई बगून मिठाच्या पान्यानं चुळा भरत हुत्या. आनि तेलाची वाटी मात्र त्यांनी घासून ठेवलीया. म्हन्त्यात, मॅडमचं खरं, रखमाजीचं बी खरं, पन मामानं आधी तेलात तोंड बगितलं तर आपलं काय जातंय.

तर असं हाय. मी तुला नको म्हन्ले ते तू नको म्हनून न्हाई, तू हवा म्हनून. हे फोनवर सांगता आलं असतं तर येवढी पानं गेली नसती. वहिनीला वाचून दाखव, पन मयताचं ते वाक्य गाळ. चुकलंमाकलं पदरात घे. राग गिळ. न्हाई गिळता आला तर घिऊन ये, इथं आत्या हायेत, दोघं मिळून रागवा.

तुझी धाकटी,
निकी

ता.क. पार्थला टोपडं आनू नको. मामा आनतो ते कधीच डोक्याला बसत न्हाई. दिशाचं शेवटी करडाला घातलं हुतं.

ता.क. चौथं चित्र ऱ्हायलं. ऱ्हायलं न्हाई, मीच मागं ठेवलं, हात धजंना. त्यात एका मानसाचा गाल आतनं दाखवला हुता. त्यावर पांढरा डाग, दुधाची साय चिकटल्यावानी. मॅडम म्हनल्या, हा तंबाखू-सुपारीचा मावा खाणाऱ्याच्या तोंडातला डाग. दुखत नाही म्हणून माणूस दाखवत नाही, आणि मग तोंड उघडेनासं होतं तेव्हा पळतो. दादा, मी अंगठा माझ्या कॅमेऱ्यावर ठेवला हुता. तुझ्या न्हाई. तू फोन तोंडाजवळ घिऊन वरडत हुता, दिसंना काय, दिसंना काय. मला सगळं दिसत हुतं. डाव्या गालाला, आतनं. तवा मला वाटलं दूधभाकर खाल्ली असंल. दुसऱ्या वेळेला पन तिथंच हुतं. आनि तू हसला तर तोंड पुरं उघडलं न्हाई, आधी तू हसायचा तर तुझी पडजीभ दिसायची. मी पार्थच्या कनीएवढ्या दोन दातांना भेत बसले, आनि तुला जे जड जायचं ते तू सोताच रोज खिशात पुडीत बांधून फिरतो. मी मॅडमला एकटीला गाठून इचारलं. त्या म्हनल्या फोनवरून काही सांगता येत नाही, साधंही असेल, पण दाखवायला हवं, आणि लवकर. त्यांच्या वळखीच्या दातांच्या डॉक्टरीनबाई ह्या येत्या शनिवारी शाळेत पोरांचे दात बगाया येनार हायेत, मोठ्यांचं पन बगत्यात. जावळ आमी त्याच शनिवारी धरलंय. आत्यांना म्हन्ले मुहूर्त चांगला हाय. मुहूर्त मीच काढला.

ता.क. टाचनी परत काढली. आत्ताच पार्थच्या खालच्या हिरडीवर बोट फिरवलं तर टोचलं. खालचा येतोय. म्हंजे वर मी जे काय येवढं भिऊन लिहिलं त्याला आता काय अर्थ उरला न्हाई, वाच न्हाईतर वाचू नको. दुसऱ्या ता.क.ला मात्र अर्थ हाय. अजून मी कोनाला सांगितलं न्हाई, न्हाईतर आत्या तेलाची वाटी परत फळीवर ठेवतील, आनि तू पन आता काय घाई हाय म्हनू नको. तू ये. दाराशी आलास की आधी तू आ कर, मग मी पार्थचं तोंड उघडते. इथं आता कोनाच्या तोंडाला कोनी हसत न्हाई, दिशा हसू देत न्हाई.